दिल्ली मित्राला देऊन टाकली, तिथेच शिवसेना चुकली का?

गिरणगावचा

माझे वडील लालबागचे. गिरणीत साचे खात्यात होते आणि निवडणूक आली की शाखेसाठी भिंती रंगवायचे. अक्षर वळणदार, म्हणून ते काम कायम त्यांच्याच गळ्यात. १९८४ च्या लोकसभेला आमच्याकडून वामनराव महाडिक उभे होते. सेनेला तेव्हा स्वतःचं ठरलेलं चिन्ह नव्हतं, त्यामुळे महाडिक आणि मनोहर जोशी दोघेही भाजपच्या कमळावर लढले. वडील सांगायचे, पहिल्या रात्री कुणालाच कमळ धड काढता येईना. पाकळ्या किती, मधली मोठी की सगळ्या सारख्या, यावरच तासभर गेला. शेवटी कुणीतरी छापील पत्रक आणलं, ते कापून भिंतीवर धरलं, कडेने खडू फिरवला आणि मग रंग भरला. महाडिक पडले, दत्ता सामंत निवडून आले. पुढच्याच वर्षी शेजारच्या माझगावातून छगन भुजबळ मशाल घेऊन विधानसभेला उभे राहिले आणि सेनेचे एकमेव आमदार झाले. धनुष्यबाण मिळाला तो १९८९ मध्ये.

हे आठवायचं कारण असं की हल्ली दोन्ही बाजूंचे लोक सेनेच्या मैत्रीचा इतिहास १९८९ पासूनच सांगतात. जणू त्याआधी सेनेला मित्रच नव्हते. खरं तर त्याआधीची यादी जास्त लांब आहे. पक्ष निघाला १९ जून १९६६ ला. १९६७ मध्ये ईशान्य मुंबईत कृष्ण मेनन यांच्या विरोधात काँग्रेसच्या स. गो. बर्व्यांच्या मागे सेना उभी राहिली. १९६८ ला मुंबई महापालिका लढवली ती प्रजा समाजवादी पक्षाबरोबर. १९७१ ला संघटना काँग्रेसबरोबर. आणीबाणीला पाठिंबा दिला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी नागपाड्यात मस्तान तलावावर बाळासाहेब मुस्लिम लीगच्या बनातवालांबरोबर एका व्यासपीठावर होते. १९८० ला विधानसभा न लढवता काँग्रेसला पाठिंबा. १९८२ च्या दसरा मेळाव्याला, गिरणी संप चालू असताना, शिवाजी पार्कच्या व्यासपीठावर शरद पवार आणि जॉर्ज फर्नांडिस होते.

यात विचारांची सुसंगती शोधायला गेलात तर सापडणार नाही. मी शोधतही नाही. मला दिसतं ते एवढंच की या वीस वर्षांत मित्र कुणीही असो, घराची किल्ली कधी दुसऱ्याकडे गेली नाही. शाखा आपली, कामगार सेना आपली, स्थानीय लोकाधिकार समिती आपली. मित्र निवडणुकीपुरता यायचा आणि जायचा.

१९८९ ला प्रमोद महाजनांनी युती घडवली, तेव्हा एक वाटणी झाली. लोकसभेला भाजप मोठा, विधानसभेला सेना मोठी. दिल्ली तुमची, महाराष्ट्र आमचा. तेव्हा हा सौदा फायद्याचा वाटला यात शंका नाही. १९९० च्या विधानसभेला सेना १८३ जागा लढली, भाजप १०४. पण २००९ पर्यंत हेच आकडे १६० आणि ११९ झाले. त्या निवडणुकीत सेना ४४ आणि भाजप ४६, आणि विरोधी पक्षनेतेपदाची खुर्ची एकनाथ खडसेंकडे गेली. माझ्या मते युती तुटली ती त्या दिवशी. २५ सप्टेंबर २०१४ ला फक्त जाहीर झाली.

आणि दिल्लीत काय मिळालं ते पाहा. १९९९ मध्ये सेनेचे १५ खासदार होते. मनोहर जोशींना अवजड उद्योग. २०१४ ला १८ खासदार, अनंत गीतेंना अवजड उद्योग. २०१९ ला पुन्हा १८, अरविंद सावंतांना पुन्हा अवजड उद्योग. याच्या शेजारी द्रमुक ठेवा. २००४ ला १६ खासदारांवर त्यांनी दूरसंचार, जहाजबांधणी व रस्ते, पर्यावरण अशी खाती घेतली. त्याआधी १९९९ ला तेच वाजपेयींच्या सरकारात होते. मित्र बदलले, पण तमिळनाडूत ना काँग्रेसला वाढू दिलं ना भाजपला.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रादेशिक पक्षाने राष्ट्रीय मित्र कितीदा बदलला हा प्रश्न दुय्यम आहे. दिल्लीतला हिस्सा सोडून त्या बदल्यात घरात जागा दिली की पुढे घरातलीही जागा जाते. ओसरी दिली की हातपाय पसरायचे राहत नाहीत, ही म्हण आपल्याकडे उगाच आलेली नाही. तुम्हाला काय वाटतं?

संभाजीनगरी

साहेब, तुम्ही सेनेचा इतिहास लालबागेच्या खिडकीतून लिहिलाय. आमच्या खिडकीतून तो असा दिसत नाही.

१९८५ ला एक आमदार. १९९० ला बावन्न. मधे झालं काय? मुंबईतला मराठी माणूस पाच वर्षांत पन्नास पट वाढला का? आमच्याकडे "मराठी माणसावर अन्याय" म्हटलं तर कुणाला काही कळलंच नसतं. इथे दुकानदार मराठी, शेतकरी मराठी, तहसीलदारही मराठी. आमचे आजोबा रझाकारांच्या आठवणी सांगत जगले. १७ सप्टेंबर १९४८ ही आमच्या घरात तारीख नव्हती, तो सण होता. त्या माणसाला सेना कळली ती हिंदुत्वामुळे. "गाव तिथे शाखा" आमच्याकडे खरंच झालं. तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेर पानटपरीला लागून पत्र्याची शाखा, आत एक बाकडं आणि एक फळा. त्या फळ्यावर रोज कुणीतरी खडूने बातमी लिहायचं, मी तिथेच उभा राहून वाचायला शिकलो म्हणा ना.

ज्या वाटेने पक्ष महाराष्ट्राचा झाला, त्याच वाटेला तुम्ही चूक म्हणता. १९८९ ची युती झाली नसती तर सेना आजही ठाणे-मुंबईपुरती राहिली असती आणि १९९५ ला वर्षा बंगल्यावर मनोहर जोशी गेलेच नसते.

गिरणगावचा

@संभाजीनगरी, हिंदुत्वाबद्दल मी एक अक्षरही लिहिलेलं नाही, पुन्हा वाचा. आणि तारखा बघा. तुमच्या शहराच्या महापालिकेत सेनेने मुसंडी मारली ती १९८८ ला. विलेपार्ल्याची पोटनिवडणूक १९८७ ची. रमेश प्रभू उघड हिंदुत्वाच्या प्रचारावर निवडून आले, त्यात भाजप सेनेबरोबर नव्हता. ती निवडणूक पुढे न्यायालयाने रद्द ठरवली आणि बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क सहा वर्षं गेला, ही किंमतही सेनेनेच मोजली. भाजपने पालमपूरला राम मंदिराचा ठराव केला जून १९८९ मध्ये. म्हणजे मराठवाड्यात सेना पोहोचली ती स्वतःच्या पायांनी, युतीच्या आधी. तुमचा पत्र्याचा खोका महाजनांनी बांधून दिला नव्हता.

पौड रोड

चर्चा जागावाटपावर नेऊन मूळ प्रश्न टाळला जातोय, म्हणून लिहितो.

२०१९ ला मी युतीला मत दिलं. माझ्या मतदारसंघात सेनेचा उमेदवार नव्हता, भाजपचा होता. माझ्या मावशीच्या मतदारसंघात सेनेचा होता आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा धनुष्यबाणाचं बटण दाबलं, कारण फलकावर मोदींचा फोटो होता. भाजप १०५, सेना ५६, मिळून १६१. कौल स्पष्ट होता. त्यानंतर महिनाभरात तिचा आमदार काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या शेजारी बसला. तिला कुणी विचारलं?

पक्षाने कुणाशी मैत्री करावी हा पक्षाचा प्रश्न आहे, हे मान्य. पण निवडणुकीच्या आधी करा. १९६८, १९७१, १९८४, तुमच्या यादीतल्या बहुतेक मैत्र्या मतदानाआधी जाहीर झालेल्या होत्या. आवडलं नाही तर मतदार दुसरीकडे जाऊ शकत होता. २०१९ ला मतदान २१ ऑक्टोबरला झालं आणि शपथविधी २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर. मधल्या काळात जे झालं त्यात मतदार कुठेच नव्हता. त्या फसवणुकीला "प्रादेशिक पक्षाची स्वायत्तता" असं मोठं नाव देऊ नका.

कोकणकडा

@पौड रोड, मग २३ नोव्हेंबरच्या पहाटे राजभवनात झालेल्या फडणवीस-अजित पवारांच्या शपथविधीला मतदारांना विचारलं होतं का? त्याआधी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, भाजपचं सरकार राष्ट्रवादीच्या बाहेरून पाठिंब्यावर आवाजी मतदानाने तरलं, तेव्हा मतदार कुठे होता? तेव्हा सेना विरोधी बाकावर होती आणि विरोधी पक्षनेते होते एकनाथ शिंदे. महिनाभरात तीच सेना सरकारात गेली, तेही विचारून नाही.

१८ फेब्रुवारी २०१९ ला वरळीच्या पत्रकार परिषदेत पदं आणि जबाबदाऱ्या समान वाटून घेण्याची भाषा खुद्द फडणवीसांनी केली. मी ती तेव्हा थेट पाहिली होती. मुख्यमंत्रिपदाचा शब्द दिला नव्हता असं अमित शहा नंतर म्हणाले. बंद खोलीत काय ठरलं हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. पण समान वाटपात मुख्यमंत्रिपद येत नाही, असं त्या दिवशी समोर बसलेल्या एकालाही वाटलं नसेल.

पौड रोड

एकाने चूक केली म्हणून दुसऱ्याची चूक धुतली जात नाही. पहाटेच्या शपथविधीचं समर्थन मी कधीच केलं नाही, करणारही नाही. आणि बंद खोलीतल्या शब्दावर राज्याचं सरकार ठरणार असेल तर जाहीरनामे छापता कशाला?

वऱ्हाडी बाणा

धागाकर्त्यांचं "दिल्लीत काही मिळालं नाही" हे वाक्य वाचून मला राग आला आणि तो राग लपवत नाही.

तुम्हाला नसेल मिळालं, आमचं मात्र गेलं. १९९७ ला भुवनेश्वरला भाजपने वेगळ्या विदर्भाच्या बाजूने ठराव केला. "एक मत, दोन राज्यं" हे आम्ही गावोगाव ऐकलं. २००० साली केंद्रात वाजपेयींचं सरकार होतं आणि एका महिन्यात तीन राज्यं झाली, छत्तीसगड, उत्तराखंड, झारखंड. विदर्भ का नाही? मागणी तर त्यांच्याइतकीच जुनी. फाजल अली आयोगाने १९५५ मध्येच वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. कारण सरकारात शिवसेना होती आणि अखंड महाराष्ट्र ही तिची अट होती. अडवाणी तेव्हा गृहमंत्री. मित्रपक्षाचा विरोध आहे हेच उत्तर आम्हाला मिळत गेलं.

म्हणजे पंधरा खासदारांच्या पक्षाने दिल्लीत बसून एक अख्खं राज्य अडवलं. याला तुम्ही ताकद नाही म्हणता? मंत्रिपदं मोजण्यापेक्षा हे मोजा. आणि माझं दुःख असं की २०१४ नंतर सेनेची ती अट कुणाला जुमानायची गरजच राहिली नाही, तरीही विदर्भ झाला नाही. तेव्हा कळलं, अडवणारा एकटा मित्र नव्हता. मित्र हे सोयीचं कारण होतं.

संभाजीनगरी

@वऱ्हाडी बाणा, हे शेवटचं वाक्य खरं आहे. राष्ट्रीय पक्षाला प्रादेशिक मित्र हवा असतो तो याच्यासाठीही. जे स्वतःला करायचं नाही त्याचं खापर फोडायला कुणीतरी लागतं. बेळगावचंही तेच. १९६९ ला सेनेने सीमाप्रश्नावर मुंबई पेटवली, माणसं गेली. पुढे काँग्रेस असो की भाजप, दोघांनाही कर्नाटकात सरकार चालवायचं असतं, त्यामुळे दोघेही दिल्लीत गप्प. सेना काँग्रेसच्या बाजूला गेली काय आणि भाजपच्या बाजूला गेली काय, बेळगाव तिथेच.

वाचक ठाणे

गिरणगावचे दादा, तुमच्या वडिलांची गोष्ट आवडली, पण तुमचं सगळं विश्लेषण नेत्यांच्या बाजूचं आहे. कार्यकर्त्याची बाजू मी सांगते.

माझा भाऊ गटप्रमुख. सकाळी आठला शाखेत बसतो. येणारा माणूस युती विचारत नाही. मुलाचा जातीचा दाखला अडलाय, आईची संजय गांधी निराधारची पगार फाइल पुढे सरकत नाही, चाळीतला नळ तीन दिवस कोरडा, अशी कामं घेऊन येतो. २०१९ नंतर अडीच वर्षं मुख्यमंत्री आमचा होता, तरी आमच्या भागातली कामं अडायची, कारण तिजोरीच्या चाव्या दुसऱ्या पक्षाकडे होत्या. हे मी ऐकीव सांगत नाही, भाऊ रात्री जेवताना ताटावर बसून हेच बोलायचा. जून २०२२ ला चाळीस आमदार शिंदेंबरोबर सुरत-गुवाहाटीला गेले तेव्हा टीव्हीवर खोक्यांच्या घोषणा चालल्या होत्या. पण ज्या गटप्रमुखाने तीस वर्षं काँग्रेसच्या माणसाशी गल्लीत भांडण केलं, त्याला एका रात्रीत त्याच माणसाबरोबर सतरंजी उचलायला लावलीत, त्याच्या मनात काय झालं असेल याचा विचार कुणी केला?

तुम्ही म्हणता घराची किल्ली. आमच्यासाठी घर म्हणजे हीच माणसं. २०२४ च्या विधानसभेत आमच्या सेनेच्या ५७ आल्या, समोरच्या ठाकरेंच्या २०. लोकांनी उत्तर दिलंय.

कोकणकडा

ताई, सहा महिने आधी लोकसभेला लोकांनीच समोरच्यांना ९ आणि तुम्हाला ७ दिल्या होत्या. लोकांचं उत्तर एकदाच मोजायचं असं नाही ना.

वाचक ठाणे

नाही, दोन्ही मोजा. पण गटप्रमुखाच्या मनातलं जे लिहिलं त्याला तुम्ही उत्तर दिलं नाहीत.

कायदा वाचणारा

कुणाचीच बाजू घ्यायची नाहीये, पण एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटतेय.

१७ फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयात निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं. आधार काय घेतला? सेनेच्या तेव्हा असलेल्या ५५ आमदारांपैकी ४० त्यांच्याकडे आणि त्या आमदारांना पडलेली मतं पक्षाच्या विजयी उमेदवारांच्या मतांच्या सुमारे ७६ टक्के. १८ पैकी १३ खासदार. पक्षाच्या घटनेची कसोटी आयोगाने बाजूला ठेवली, कारण २०१८ ची घटना लोकशाहीला धरून नाही असं त्याचं मत पडलं. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्यपालांचं बहुमत चाचणी बोलावणं चूक ठरवलं, पण उद्धव ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांना पुन्हा बसवता येत नाही असं सांगितलं.

आता हे प्रादेशिक पक्षाच्या नजरेने बघा. तुमचा पक्ष कोणता, हे शेवटी तुमचे आमदार कोणत्या बाजूला आहेत यावर ठरू शकतं. शाखा किती, सदस्य किती, दसरा मेळाव्याला गर्दी कुणाची, याला तिथे फारसं वजन नाही. आणि आमदार निवडून आणायला मित्राची मतं लागत असतील तर त्या आमदाराची निष्ठा अर्धी मित्राकडे असणं स्वाभाविक आहे. २०१९ ला सेना लढली जेमतेम सव्वाशे जागा. प्रत्येक जागी भाजपची मतं त्यात मिसळलेली होती. तो आमदार पुन्हा उभा राहण्याचा विचार करतो तेव्हा त्याला ती मतं आठवतात. गुवाहाटीच्या विमानाचं गणित माझ्या मते इथे आहे. पैसा, दबाव यांची चर्चा होत राहील, पण हे गणित त्याशिवायही उरतं.

गिरणगावचा

@कायदा वाचणारा, हे मला जमलं नव्हतं ते तुम्ही नीट मांडलंत. धन्यवाद.

यालाच जोडून एक आकडा. २०१४ ला सेना एकटी लढली, मोदींची लाट ऐन भरात असताना. जागा ६३, मतं १९.३५ टक्के. १९९५ ला सत्ता आली तेव्हा ती १६.३९ होती. म्हणजे एकटं लढून पक्ष मेला नाही, उलट प्रत्येक तालुक्यात स्वतःचं चिन्ह घेऊन उभा राहिला. वडील तेव्हा आजारी होते, तरी खुर्ची टाकून बूथबाहेर बसले. आमच्या गल्लीत वीस वर्षं एकाच टेबलावर दोन झेंडे लावून पोलचिट फाडल्या जायच्या. त्या दिवशी रस्त्याच्या दोन बाजूंना दोन टेबलं होती, आणि समोरचं टेबल कालपर्यंत आमच्याच बरोबर बसणाऱ्या मुलांचं. दुपारी आमचा चहा तिकडे गेला, त्यांचा वडापाव इकडे आला. त्या संध्याकाळी वडील म्हणाले, आता कळेल आपलं किती आणि त्यांचं किती.

ते कळल्यावर मात्र पाच डिसेंबरला सेना पुन्हा त्याच सरकारात गेली, धाकटी म्हणून. त्याआधी ९ नोव्हेंबरला अनिल देसाई केंद्रात शपथ घ्यायला गेले आणि दिल्लीच्या विमानतळावरूनच परत फिरले. त्याच दिवशी सुरेश प्रभू भाजपमध्ये जाऊन मंत्री झाले. तेव्हा परत फिरलो होतो तर तसंच राहायला हवं होतं. पाच वर्षं सरकारात बसून सरकारवर टीका, राजीनामे खिशात, जानेवारी २०१८ ला "यापुढे स्वबळावर" असा ठराव आणि वर्षभरात पुन्हा युती. या पाच वर्षांनी पक्षाचं जे नुकसान केलं ते २०२२ ने केलं नाही, असं मला मनापासून वाटतं. @वाचक ठाणे, तुमच्या भावाच्या मनातल्या प्रश्नाचं मूळही मला तिथेच दिसतं. कोण आपला आणि कोण परका हे पाच वर्षं रोज बदलत राहिलं. तरी तुमचं म्हणणं खरं आहे. २०१९ ला गटप्रमुखाला कुणी विश्वासात घेतलं नाही, आणि ती चूक आमच्या बाजूची आहे.

मुळशीचा वाचक

धागाकर्त्यांच्या मंत्रिपदाच्या यादीत एक दुरुस्ती. वाजपेयींच्या काळात फक्त अवजड उद्योग नव्हतं. सुरेश प्रभूंकडे वीज खातं होतं आणि त्यांचं काम पक्षाबाहेरच्यांनीही वाखाणलं. २००२ ला त्यांना काढलं ते भाजपने नाही. बाळासाहेबांच्या आग्रहाने ते गेले आणि गीते आले. २००३ चा वीज कायदा गीतेंच्या कारकिर्दीत झाला. मनोहर जोशी लोकसभेचे अध्यक्ष झाले, ते पदही लहान नव्हे. मिळालं होतं, टिकवता आलं नाही, असं म्हणा.

गिरणगावचा

दुरुस्ती मान्य. वीज खातं मी गाळलं, ते चूकच. आणि प्रभूंचा मुद्दा माझ्या म्हणण्याला उलटा बळच देतो. दिल्लीत चांगलं काम करणारा माणूस पक्षाला तिथे ठेवावासा वाटला नाही, कारण दिल्ली आपली नाही हे मनात पक्कं होतं. खासदार म्हणजे मुंबईतल्या पक्षाचा दिल्लीतला निरोप्या, एवढीच कल्पना. २०२४ लाही बघा. कर्नाटकच्या जनता दलाचे दोन खासदार, तरी कुमारस्वामी कॅबिनेट मंत्री, आणि खातं कोणतं तर पोलाद आणि तेच आपलं अवजड उद्योग. शिंदेंच्या सेनेचे सात खासदार, आणि प्रतापराव जाधवांना राज्यमंत्रिपद. नाव बदललं, गट बदलला, सवय तीच.

संभाजीनगरी

मग तुमच्या मते करायला काय हवं होतं ते तरी सांगा. अकालींनी १७ सप्टेंबर २०२० ला शेती कायद्यांवरून हरसिमरत कौरांचा राजीनामा दिला, जुनी मैत्री तोडली. तत्त्वाने वागले. २०२२ ला पंजाबात त्यांच्या तीन जागा आल्या. ओडिशात नवीन पटनायकांच्या बिजू जनता दलाने २००९ ला भाजपला सोडलं, पंधरा वर्षं एकट्याने राज्य केलं आणि २०२४ ला भाजपकडूनच हरले. आंध्रचे चंद्राबाबू २०१८ ला बाहेर पडले, २०१९ ला आपटले, २०२४ ला परत आले आणि आज दिल्लीत त्यांच्या १६ खासदारांना मान आहे. तोडणाऱ्यांचं भलं झालं असं या यादीत मला दिसत नाही.

गिरणगावचा

नवीनबाबूंनी पंधरा वर्षं राज्य केलं, हे तुम्हाला भलं वाटत नाही का? तोडायची तर ताकद असताना तोडायची, आणि तोडली की पुन्हा धाकटं होऊन परतायचं नाही. सेनेला ती वेळ २००९ ला होती. राष्ट्रपतिपदाच्या वेळी हे जमलंही होतं की. २००७ ला भैरोंसिंह शेखावत भाजपच्या आघाडीच्या पाठिंब्यावर उभे असताना सेनेने मराठी बाई म्हणून प्रतिभाताई पाटलांना मत दिलं. २०१२ ला भाजपने पाठिंबा दिलेल्या संगमांना सोडून प्रणव मुखर्जींना. भाजप चडफडला, पण युती राहिली. प्रादेशिक पक्षाने तसंच वागायचं असतं. मैत्री ठेवायची आणि आपला निर्णय आपण घ्यायचा.

कोकणकडा

+१. आणि आता पहिलीपासून हिंदीच्या शासन निर्णयावरून ५ जुलै २०२५ ला वरळीत उद्धव आणि राज हे दोन ठाकरे भाऊ एका व्यासपीठावर आले. तो निर्णय सरकारने त्याआधीच मागे घेतला होता. भाषेच्या प्रश्नावर कुठलाही राष्ट्रीय मित्र बरोबर नव्हता, तरी सरकारला हलवता आलं. मला त्यात आशा दिसते.

वऱ्हाडी बाणा

मुंबईत दिसत असेल. यवतमाळात भाषेवर मत पडत नाही, कापसाच्या भावावर पडतं.

पौड रोड

@गिरणगावचा, जागावाटपाचं आणि मंत्रिपदांचं तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी पटलं. २००९ ला वेगळे झाले असते तर मी तक्रार केली नसती, कदाचित सेनेलाही मत दिलं असतं. पण तुम्ही वाचक ठाणे यांच्या भावाची चूक कबूल केलीत, माझ्या मावशीची अजून केलेली नाही. ती ७१ वर्षांची आहे. २०२४ च्या नोव्हेंबरला मी तिला मतदानाला घेऊन गेलो, तर रांगेतून मागे वळून तिने मला विचारलं, "हा निवडून आल्यावर कुणाकडे जाणार आहे ते माहीत आहे का तुला?" मला नव्हतं माहीत.